लागला की मारला

मला दोन दगड एकदमच दिसले. एक आमच्या प्रधानाच्या, म्हणजे सरपंचाच्या, ढालीवर आपटून उडाला आणि दुसरा त्याच्या मागच्या पोराच्या कपाळात बसला. पोरगं खाली बसलं, कपाळ चाचपलं, हाताचं रक्त विजारीला पुसलं आणि उठून पुन्हा पुढे पळालं. भिंतीवर माझ्या शेजारी बसलेल्या सुनेनं, हेमानं, डोळे गच्च मिटून घेतले होते.

"उघड डोळे," मी म्हटलं. "नवरा मैदानात आणि बायको आंधळी कोशिंबीर खेळतेय. लोक हसतील."

"मला नाही बघवत, इजा."

"मग माहेरच्या रामनगरातच एखादा दुकानदार बघायचा होतास. तिथं दगड फक्त तराजूत असतात."

पलीकडच्या बायका हसल्या. आई काय आणि सासू काय, आमच्याकडे दोघींना इजाच म्हणतात. पण हेमा ज्या सुरात म्हणते त्यात सासूच जास्त असते.

आमच्या बांजधुऱ्यात श्रावणातल्या पौर्णिमेला देवीसमोर दगडांची लढाई होते. डोंगराच्या वरच्या धारेवरचे ते मल्ले, खालचे ते तल्ले. फार मागे देवी दरवर्षी एक माणूस घ्यायची. मग कुणीतरी तिच्याशी बोलून ठरवलं, की माणूस नको, एका माणसाच्या अंगात असतं तेवढं रक्त आम्ही सगळे मिळून देऊ. पुजारी देवळाच्या लाकडी सज्जात उभा राहतो, सांडलेल्या रक्ताचा नजरेनं अंदाज घेतो आणि पुरेसं झालं की तीनदा शंख फुंकतो. शंख झाला की ढाली खाली. मग फुटल्या डोक्यानं माणसं एकमेकांच्या गळ्यात पडतात, जखमांवर सिसुणीचा खाजरा पाला चोळतात आणि जत्रेत जिलबी खायला जातात. तीन वर्षांपूर्वी वरून हुकूम आला, की दगड बंद, फळं आणि फुलं फेका. तेव्हापासून पहिल्या फेरीला नासपती फेकतात, साहेबलोक फोटो काढून घेतात आणि चहाला जातात. दुसऱ्या फेरीपासून आपलं नेहमीचं सुरू होतं.

दगड मारला असं आमच्याकडे कुणी म्हणत नाही. दगड लागला म्हणायचं. त्या मैदानात नेम धरायचा नसतो. ढालीआडून गर्दीवर भिरकवायचा, कुणाला लागायचा ते देवी बघते. म्हणून कुणी कुणाला विचारत नाही आणि कुणाच्या घरात वैर जात नाही. बाहेरच्यांना हे शब्दांचे खेळ वाटतात. आमची दोन गावं त्या एका शब्दावर उभी आहेत.

मी तल्ल्यांची लेक आणि मल्ल्यांची सून. सकाळी भावाच्या मनगटाला धागा बांधायचा आणि दुपारी नवऱ्याच्या झोळीत दगड भरायचे, असं माझं निम्मं आयुष्य गेलं. पाहुण्या बायका मला आमा, म्हणजे आजी, म्हणून विचारतात, तुम्ही कुणाच्या बाजूच्या? मी म्हणते, भिंतीच्या.

माझा धाकटा भाऊ डुंगर. त्याचा डावा डोळा याच मैदानात वीस वर्षांपूर्वी गेला. मल्ल्यांकडून आलेला दगड लागला. माझा नवरा त्या वर्षी पहिल्या फळीत होता. त्यानंतर चौदा वर्षं मी त्याच्या भाकरी थापल्या, त्याचे सदरे धुतले, शेवटी त्याला सरणावर ठेवलं, पण विचारलं नाही. डुंगरनंही विचारलं नाही. पुढच्या पौर्णिमेला एका डोळ्यानं पुन्हा मैदानात उतरला.

तो कोटावर चौकीदार होता. आमच्याकडे पाहुणे येतात ते तीन गोष्टींसाठी. देवीचं देऊळ, त्याच्या वरचा पडका कोट आणि कोटाच्या बुरुजावरून दिसणारी बर्फाची रांग. डुंगर सव्वीस वर्षं त्या बुरुजावर उभा राहून सांगत आला, हे त्रिशूळ, ही नंदादेवी, ती पंचाचूली. ढग असले तरी सांगायचा. पाहुणे कुरकुरायचे, की दिसत तर काहीच नाही. हा म्हणायचा, "तुम्हाला दिसत नाही म्हणून ती तिथनं उठून गेली का?" बायको बाळंतपणात गेली, मूल उरलं नाही. सरकारनं एक खाकी स्वेटर आणि एक शिट्टी दिली होती. शिट्टी माकडांसाठी वापरायचा, माणसांसाठी तोंड.

माझा हयात त्याच्याच खांद्यावर वाढला. शाळेत जातो म्हणून निघायचा आणि कोटावर मामाकडे सापडायचा. मोठा झाल्यावर त्यानं जीप घेतली आणि पाहुणे आणायला लागला. म्हणजे एक आणणार आणि एक दाखवणार, मामा-भाचे दोघं मिळून. मी म्हणायचे, देवीनं बरं वाटून दिलंय.

पौर्णिमेच्या पंधरा दिवस आधी हयातनं मैदानी मुलखातले कुणी पाहुणे कोटावर नेले होते. गवतात एक दगडी मुंडकं पडलं होतं, मुठीएवढं, नाक झिजलेलं. पाहुणीला ते आवडलं. हयातनं उचलून स्वतःच्या हातानं तिच्या पिशवीत घातलं. "घ्या दीदी, असली इथं पुष्कळ लोळताहेत." फाटकावर डुंगरनं पिशवी उघडायला सांगितली. मुंडकं बाहेर काढलं, खिशात घातलं आणि भाच्याच्या कानशिलात दोन ठेवून दिल्या. एक डाव्या गालावर, एक उजव्या.

"कोट तुझ्या बापानं बांधला का रे?" एवढंच बोलला.

पाहुणे हसले. त्यांच्यातल्या एकानं मोबाइलवर उतरवूनही घेतलं.

हयात घरी आला तेव्हा गालावर चार बोटं होती. मी चुलीपाशी होते. काय झालं ते त्यानं सांगितलं. त्या वेळी मी आई व्हायला हवं होतं, नाहीतर बहीण तरी. मी मल्ल्यांची म्हातारी झाले.

"हेमा," मी म्हटलं, "तुझ्या बांगड्या दे गं याला. मल्ल्यांचं पोर तल्ल्याच्या हातची खाऊन घरी आलंय. पौर्णिमेला याला भिंतीवर माझ्या शेजारी बसव, मैदानात काय करणार तो."

ताटात भटाची, म्हणजे काळ्या सोयाबीनची, डाळ आणि मडुव्याची, नाचणीची भाकरी होती. हयातनं ताट सरकवलं आणि उठून गेला. मला वाटलं, आज नाही जेवला तर उद्या जेवेल. माझी जीभ अशीच आहे. गावात पोरांना भीती घालतात, गप बस नाहीतर सरुली आमाला बोलावीन.

तर त्या दिवशी भिंतीवरून मी बघत होते. चौथी फेरी चालली होती. मैदानाचा चिखल झाला होता आणि चिखलात नासपती तुडवल्या गेल्या होत्या. एका तल्ल्याचा कान लोंबत होता, तो एका हातानं धरून दुसऱ्या हातानं दगड फेकत होता. आमच्या प्रधानाचे दोन दात गेले. ढालीवर दगड पडायचा तेव्हा कोरडा आवाज यायचा आणि हाडावर पडायचा तेव्हा ओला. इतक्या वर्षांत कान सरावतात, न बघता कळतं.

आणि शंख वाजला. एकदाच, छोटासा, फुसका.

तो सज्जातला शंख नव्हता. जत्रेतल्या दुकानात शंख विकायला असतात. काळा चष्मा घातलेल्या एका जाड्या पाहुण्यानं तिथनं एक घेतला आणि त्याच दुकानाच्या छतावर उभा राहून गंमत म्हणून फुंकून बघितला. मैदानातल्या निम्म्यांनी ऐकलाच नाही. ज्यांनी ऐकला त्यांनी सज्जाकडे बघितलं. पुजाऱ्याच्या हातातला शंख हातातच होता, तेव्हा त्यांनी ढाली तशाच धरून ठेवल्या. डुंगरनं सज्जाकडे बघितलं नाही. सज्जा त्याच्या डाव्या अंगाला होता, गेलेल्या डोळ्याकडे. त्याला वाटलं, झालं. त्यानं ढाल खाली टेकवली आणि डोक्याचं फडकं सोडून मान पुसायला लागला.

हयात त्याच्यापासून पंधरा पावलांवर होता. त्यानं सज्जाकडे बघितलं. मग मामाकडे बघितलं. हातातला दगड त्यानं एकदा वर उडवून झेलला, वजन घेतल्यासारखा. आणि जीभ दातांत धरली.

लहानपणापासून तो नेम धरताना जीभ दातांत धरतो. अक्रोड पाडताना, माकडं हाकताना. हे जगात फक्त मला ठाऊक होतं. मला आणि डुंगरला.

ओला आवाज आला.

डुंगर आधी गुडघ्यावर बसला, मग हळूच कुशीवर पडला. दोन्ही हात तोंडावर होते आणि बोटांमधून रक्त येत होतं. मी भिंतीवर उभी राहिले. मी काय ओरडतेय ते ओरडून झाल्यावर मला कळलं.

"मारला. हयातनं मारला."

पासष्ट वर्षांत त्या मैदानात तो शब्द मी ऐकला नव्हता. क्षणभर सगळं थांबलं. तल्ल्यांनी माझ्याकडे बघितलं, मल्ल्यांनी हयातकडे. मग तल्ल्यांमधला कुणीतरी म्हणाला, "मल्ल्यांची म्हातारीच म्हणतेय," आणि त्यांनी ढाली टाकल्या. आमच्याकडे लढाई संपली की ढाली टाकतात. त्या दिवशी ढाली टाकून त्यांनी काठ्या उचलल्या.

पुढचं मी नीट सांगू शकत नाही, कारण नीट असं काही नव्हतं. त्यांनी दुकानांचे बांबू उपटले. जिलबीवाल्याची कढई उलटली आणि त्याचा भाचा कमरेपर्यंत भाजला. वर्षानुवर्षं ज्यांनी एकमेकांची लग्नं लावली त्यांनी एकमेकांना केसांनी धरून फरफटवलं. आमच्या प्रधानाला मैदानाच्या कडेच्या कुंडात घालून वरून दाबून धरला होता. त्याच्या बायकोनं धरणाऱ्याच्या हाताचा लचका तोडला तेव्हा कुठे तो वर आला. पुजारी सज्जातून शंख फुंकत होता, तीनदा, पुन्हा तीनदा, पुन्हा तीनदा. कुणी ऐकलं नाही. पाहुणे गाड्यांकडे पळाले. तो काळ्या चष्म्यावाला हातातला शंख गटारात टाकून पळाला.

हयात जिथं होता तिथंच उभा राहिला. सहाजणांनी त्याला खाली पाडून तुडवलं. त्यानं एक हातसुद्धा वर केला नाही.

मी भिंतीवरून उतरले. कशी उतरले ठाऊक नाही, माझ्या पायात आता तेवढी ताकद नाही. मला बघून लोक बाजूला होत होते, कारण माझ्या हातात कुणाचातरी बांबू होता आणि मी तो दोन्ही बाजूंवर चालवत होते. हयातला मी गळपट्टीला धरून उभा केला.

"जीप काढ," मी म्हटलं. "मामाला घाल मागं. चालव."

हल्द्वानीपर्यंत सात तास लागतात. डुंगरचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि माझं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजून चिकट झालं होतं. हयातचे तीन दात गेले होते. तो मधूनमधून खिडकीबाहेर रक्त थुंकत होता आणि चालवत होता. लोहाघाट गेल्यावर डुंगरनं विचारलं, "दीदी, गाडी कोण चालवतंय?"

"हयात."

"मग ठीक आहे," तो म्हणाला. "वळणांवर सांभाळून चालवतो."

मला पुढच्या आरशात हयातचं तोंड दिसत होतं. ते मी नंतर बघायचं टाळलं.

हल्द्वानीच्या मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. त्यांनी मला बाकावर बसवलं, स्वतः शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, उजव्या डोळ्याची खोबण चेचली गेलीय, डोळा काढावा लागेल. मग त्यांनी विचारलं, डाव्याचं काय झालं होतं?

"लागला होता," मी म्हटलं.

"आणि हा?"

मी लुगड्यावरचं सुकलेलं रक्त नखानं खरवडत राहिले. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

आम्ही बाराव्या दिवशी परतलो. दुसऱ्या सकाळी पटवारी माझ्या अंगणात आला. आमच्या डोंगरात तेव्हा पोलीस नव्हते, पटवारीच पोलीस. त्याच्यापाशी एक वही, एक शिपाई आणि दोघांत मिळून एक छत्री. गहतोडी आडनाव, वयानं तरुण, पोटानं वडीलधारा. त्याच्या मागून दोन्ही गावचे मोठे लोक आले. ज्यांनी तेरा दिवसांपूर्वी एकमेकांची टाळकी फोडली होती ते एका घोंगडीवर चिकटून बसले. प्रधानाच्या मानेवर अजून बोटांचे व्रण होते आणि ते ज्याच्या बोटांचे तो त्याला विडी देत होता.

प्रधान म्हणाला, "आमा, सगळ्यांनी मिळून ठरवलंय. शंखाचा घोटाळा झाला. पाहुण्यानं फुंकला, डुंगरला वाटलं संपलं, हयातला ठाऊक होतं संपलं नाही. दोघांचा दोष नाही. दगड लागला."

तल्ल्यांचा म्हातारा त्रिलोक म्हणाला, "मारला असं कागदावर गेलं तर मैदानच बंद करतील. मग देवीला काय सांगायचं? आणि पाहुणे कशाला येतील, नुसती नासपती बघायला?"

"बाकीच्यांनी जबाब दिलेत," पटवारी म्हणाला. "तुमचाच राहिलाय. तो शब्द पहिल्यांदा तुम्ही बोललात म्हणून तुमचा घ्यावा लागतो. घाबरला होतात, तोंडातून निघून गेलं, एवढं सांगा. संपलं."

"मी घाबरले होते?"

"लिहायला सोपं पडतं, आमा."

डुंगर भिंतीला टेकून बसला होता, डोक्याला पांढरी पट्टी. हयात गोठ्याच्या दाराशी उभा होता. तेरा दिवसांत तो माझ्याशी एक अक्षर बोलला नव्हता. इस्पितळात रात्रंदिवस मामाच्या खाटेशी बसून होता, मामाला लघवीला नेत होता, भरवत होता, आणि स्वतः चहावर जगत होता.

"लागला," डुंगर भिंतीपाशी बसूनच म्हणाला. "माझा जबाब झालाय, दीदी. तूही तेच सांग आणि यांना चहा दे."

पटवारी लिहू लागला. लिहून झाल्यावर भरभर वाचलं, सज्जा, शंख, गैरसमज, असं काय काय, आणि वही माझ्यापुढे धरली. मी दोन इयत्ता शिकले. नंतर घरात गाय व्याली आणि माझी शाळा संपली. पण सरुली एवढं लिहिता येतं आणि त्यातला शेवटचा ल मी कुठंही ओळखते. मी ओळीवरून बोट फिरवत गेले. शेवटच्या शब्दाच्या सुरुवातीलाच ल होता.

मी वही बंद केली.

"हयात," मी म्हटलं. "इकडे ये."

तो आला.

"एकच विचारते. नेम धरला होतास?"

डुंगर म्हणाला, "दीदी, नको."

"तू थांब."

"डोळा माझा गेलाय. शब्द मी ठरवणार."

"डोळा तुझा गेला, त्याला मी काय करू," मी म्हटलं. "पण हा जर लागला असेल, तर वीस वर्षांपूर्वीचा काय होता? माझा नवरा काय करून गेला? एवढे सगळे जे डोकी फोडून घेत आले ते काय करत होते? पोराची घाण मी देवीच्या अंगावर पुसायची का?" आणि मी पुन्हा हयातला विचारलं, "धरला होतास?"

दात नसलेल्या तोंडातून शब्द फुटका आला.

"धरला."

"ढाल खाली बघितली होतीस?"

"बघितली होती. म्हणूनच."

प्रधानानं कपाळाला हात लावला. त्रिलोकनं पटवाऱ्याच्या हातातली लेखणीच धरली. "पोरगं भांबावलंय, साहेब, लिहू नका."

तेव्हा डुंगर हसला. पट्टीखाली त्याचं तोंड वाकडं झालं. "मला ठाऊक होतं रे," तो म्हणाला. "जीभ दातांत होती तुझी. शेवटचं मी तेवढंच बघितलं."

हयात जमिनीवर बसला, दोन्ही हात डोक्यावर घेऊन. बारा वर्षांचा असताना अक्रोडाच्या झाडावरून पडला तेव्हाही असाच बसला होता.

"पहिलं खोडा," मी पटवाऱ्याला म्हटलं. "मारला लिहा. आणि पुढे लिहा, की टोमणा सरुलीनं मारला होता. पौर्णिमेच्या पंधरा दिवस आधी, याच घरात, चुलीपाशी."

"आमा, टोमण्याला कलम नाही."

"नसू दे. तुम्ही लिहा."

त्यानं लिहिलं की नाही मला ठाऊक नाही, कारण त्या ओळीत सरुली आहे की नाही हे मला बघता आलं नाही. डोळे भरून आले होते. मी सही केली. माझी सही मोठी असते, सगळी ओळ खाते.

हेमा चुलीपासून आली ती थेट माझ्या अंगावर. "बाई आहात की दगड आहात तुम्ही?" असं म्हणाली आणि तिनं मला दोन्ही हातांनी ढकललं. मी दाराच्या चौकटीवर आपटले, कानामागून रक्त आलं. या घरात चाळीस वर्षांत माझ्या अंगाला कुणी हात लावला नव्हता. बायका धावल्या. मी म्हटलं, "सोडा तिला. हेमा, त्याचा लोकरीचा स्वेटर काढ. खालच्या तुरुंगात फरशीवर झोपवतात म्हणे."

पटवाऱ्यापाशी गाडी नव्हती. चंपावतपर्यंत आरोपीला न्यायचा कसा यावर तो आणि शिपाई कुजबुजले. शेवटी हयातच म्हणाला, "माझ्या जीपनं चला. तिचा दुसरा गिअर अडकतो, दुसऱ्या कुणाला जमणार नाही."

तर असे आम्ही निघालो. पुढे चालवायला हयात, शेजारी वही मांडीवर घेऊन पटवारी, मागे शिपाई, डुंगर आणि मी. डुंगरची पट्टी जिल्ह्याच्या इस्पितळात बदलायची होती. वाटेत पटवाऱ्याला घाटात मळमळलं. हयातनं गाडी थांबवून त्याला ओकू दिलं, पाणी दिलं आणि मग पुढे निघाला.

कचेरीच्या आवारात त्यानं गाडी सावलीला लावली. पटवारी आधीच आत गेला होता. शिपाई विडी शोधत होता. हयात उतरला, मागे आला. मामाच्या पायांपाशी वाकला. डुंगरनं हात पुढे केला, तो आधी हवेत गेला, मग हयातच्या केसांवर पडला. केस धरून त्यानं एकदा जोरात हिसडा दिला, लहानपणी द्यायचा तसा, आणि सोडले. मग हयातनं जीपची चावी माझ्या हातात ठेवली. ती त्याच्या मुठीत राहून गरम झाली होती.

"इजा, जेवून घे," तो म्हणाला. "उशीर होईल." आणि शिपायाच्या पुढे चालत कचेरीत गेला.

आम्ही दोघं बसून राहिलो. थोड्या वेळानं एक कुटुंब आलं. नवरा, बायको, दोन लहान मुली, गळ्यात कॅमेरा. नवऱ्यानं खिडकीतून डोकावून विचारलं, "आजी, गाडी रिकामी आहे का? बांजधुऱ्याला जायचंय. देऊळ आणि कोट बघायचाय."

"ड्रायव्हर आत गेलाय," मी म्हटलं.

"किती वेळ लागेल त्याला?"

"लागेल वेळ."

ते जरा थांबले, मग पलीकडच्या जीपकडे गेले. तिकडे बोलाचाली सुरू झाली, मुली आधीच चढून बसल्या.

"कुठं चाललेत ते?" डुंगरनं विचारलं.

"आपल्याकडेच. कोटावर."

"मुलांचे आवाज आले."

"दोन मुली आहेत. लहान."

तो उठायला लागला, डोकं छताला आपटलं, पुन्हा बसला. "दीदी, जाऊन सांग त्यांना. या दिवसांत उत्तरेकडच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. पोरींना हात धरून न्या म्हणावं. फाटकावर आता कुणी सांगणार नाही."

पलीकडच्या गाडीचं इंजिन सुरू झालं होतं. मी लुगडं सावरलं, दार उघडलं आणि माझ्या या पायांनी जमेल तेवढी घाई करत त्यांच्या मागे निघाले.